एकट्यानं लेकरू वाढवून नोकरी करता? पाळणाघराच्या खर्चाला सरकारची मदत कुठून कुठून मिळू शकते

सरळ सांगून टाकते, पाळणाघराची फी भरली, पावती दाखवली आणि सरकारनं त्यातले अर्धे पैसे खात्यात टाकले अशी योजना आपल्याकडे नाही. काही देशांत असते, आणि मग कोणीतरी तिकडचं वाचून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज सोडते की एकल मातांना पाळणाघरासाठी दरमहा अमुक हजार, खालच्या लिंकवर फॉर्म भरा. त्या लिंकवर अजिबात जाऊ नका. पण म्हणून काहीच नाही असंही नाही. मदत आहे, फक्त एका जागी नाही, थोडी महिला व बालविकासच्या ऑफिसात, थोडी तहसीलीत, थोडी तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या एचआरकडे आणि थोडी कोर्टात, आणि या चौघांपैकी कोणीच तुम्हाला बाकीच्या तिघांबद्दल सांगत नाही. नागपुरात ओळखीच्या बायकांचे फॉर्म भरून देता देता मला जे समजलं ते सगळं इथं एकत्र लिहून राहिली आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. सरकारी मदत बहुतेक "निराधार" बाईसाठी बनलेली आहे, म्हणजे जिला कमाई नाही ती. आणि तुम्ही तर कमावता. सीताबर्डीच्या एखाद्या शोरूममधे उभं राहून १४-१५ हजार घेणारी बाई सरकारच्या हिशोबात निराधार नाही, पण महिन्याच्या शेवटी पाळणाघरवालीला काय द्यायचं हा प्रश्न तिचाच सगळ्यात मोठा असतो. त्यामुळं कोणत्या खिडकीवर तुमची कमाई आडवी येते आणि कोणत्या खिडकीवर येत नाही एवढं आधी समजून घेतलं तर निम्म्या चकरा वाचतात.

पहिलं नाव बालसंगोपन. पूर्ण नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, पण ऑफिसात नुसतं बालसंगोपन म्हटलं की कळते. राज्य सरकारची योजना, एका लेकरामागं महिन्याला २२५० रुपये. आधी ११०० होते, २०२३ मधे वाढले. लेकरू १८ वर्षांचं होईपर्यंत मिळू शकते. बऱ्याच जणींना वाटते की ही अनाथांची योजना आहे, आपलं लेकरू काही अनाथ नाही बाप्पा, आपण काहून जायचं तिथं. पण एक पालक असलेलं लेकरूही यात बसते, मग दुसरा पालक वारलेला असो, घटस्फोट झालेला असो, सोडून गेलेला असो, जेलमधे असो, नाहीतर आईचं लग्नच झालेलं नसो. आणि नोकरीवालीसाठी मोठी गोष्ट ही की हे पैसे तुम्ही एकट्या आहात म्हणून तुम्हाला मिळत नाहीत, ते लेकराच्या नावानं मिळतात, ते घरातच राहावं, संस्थेत टाकायची वेळ येऊ नये म्हणून. म्हणजे तुम्ही कामाला जाता एवढ्यावरून कोणी नाही म्हणू शकत नाही. कोणी खिडकीवर "तुम्ही तर कमावता ना मॅडम" म्हणालंच तर अर्ज घ्या आणि पोच द्या एवढंच म्हणायचं, निर्णय खिडकीवरचा माणूस करत नाही.

निर्णय करते बालकल्याण समिती. बालन्याय कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि तिला मॅजिस्ट्रेटसारखे अधिकार असतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात द्यायचा, तिथून तो समितीपुढं जातो, मधे एकदा तुमच्या घरी कोणीतरी चौकशीला येते, लेकरू कुठं झोपते, कोण सांभाळते, शाळेत जाते का, घरात अजून कोण राहते असं विचारते. या गृहभेटीचा लोकांना फार धसका असतो, घरात फ्रिज आहे तो झाकून ठेवू का असं एकीनं मला विचारलं होतं. झाकू नका. खरं ते सांगा, आणि दिवसभर लेकरू कोणाकडं असते हे तर नक्की सांगा, कारण शेजारच्या आजीकडं सोडून जावं लागते आणि त्या आजीचेही आता गुडघे धरले आहेत ही गोष्ट तुमच्या अर्जाच्या बाजूनंच जाते. त्यानंतर समिती आदेश काढते, आणि तो आदेश हाच खरा कागद, त्याची झेरॉक्स चार ठिकाणी ठेवा.

कागदं नेहमीचीच लागतात, लेकराचं आणि तुमचं आधार, जन्माचा दाखला, शाळेत जात असेल तर बोनाफाईड, रेशनकार्ड, राहण्याचा पुरावा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा निकाल, आणि घरासमोर उभं राहून लेकरासोबत काढलेला फोटो. अर्जाला फी नाही. गेटबाहेर कोणी हजार-दोन हजारात "करून देतो ताई" म्हणत असेल तर त्याच्याकडं जादूची कांडी नाहीये, तो हाच फॉर्म हीच कागदं लावून देणार आहे.

एक खरं सांगायला पाहिजे, पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील या भरवशावर पाळणाघरवालीला शब्द देऊ नका. बरेचदा थांबून थांबून, दोन-चार महिन्यांचे एकदम येतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते की हा पैसा महिन्याच्या फीचा धरू नका, जूनमधे शाळा-पाळणाघराची जी एकदम मोठी रक्कम मागतात, ॲडमिशन, डिपॉझिट, ते सगळं, त्याचा धरा. तिथं तो खरंच कामात येतो.

बालसंगोपनच्याच ऑफिसात दुसरी एक योजना आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व नावाची, लोक तिला स्पॉन्सरशिपच म्हणतात. यात एका लेकराला महिन्याला ४००० मिळतात, विधवा, घटस्फोटित, सोडून दिलेल्या आईच्या लेकराला चालते. पण इथं कमाईची अट पक्की लिहिलेली आहे, गावात राहत असाल तर वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. ९६ हजाराला बारानं भागा, महिन्याचे ८ हजार झाले. म्हणजे दोन घरी पोळ्या करणारी, किंवा अर्धा दिवस दुकानात जाणारी बाई यात बसू शकते, पूर्ण वेळ पगारवाली बहुतेक नाही बसत. आणि एकाच लेकरासाठी बालसंगोपन आणि हे, दोन्ही सोबत मिळत नाही. तर तुमचं उत्पन्न ९६ हजारांच्या आत असेल तर आधी ४००० वालं मागा, ते नाही झालं तर २२५० वालं. उलटं करू नका, कारण एकदा छोटं सुरू झालं की मोठ्याच्या अर्जावर पहिला प्रश्न तोच येते.

तहसीलीतल्या योजनांवर मी फार वेळ घालवत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १५०० मिळतात, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता बायकांना, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. वर्षाचं म्हटलं मी, महिन्याचं नाही. महिन्याला पावणेदोन हजार. आता नागपुरात पावणेदोन हजारात कोण काम करते सांगा, म्हणजे नोकरी करणारीनं या खिडकीवर उभंच राहू नये असा याचा साधा अर्थ. लाडकी बहीणमधे मात्र अट अडीच लाखांची आहे, म्हणजे महिन्याला वीस हजार आठशेच्या आसपास, त्यात बरीच नोकरदार बाई बसते, वय २१ ते ६५, आणि त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, त्यामुळं तुम्ही माहेरी राहत असाल तरी भावाचा पगार तुमच्या नावावर मोजायचं कारण नाही. घरात चारचाकी असेल किंवा कोणी इन्कम टॅक्स भरत असेल तर मात्र गेलं, ट्रॅक्टर चालते. संजय गांधीचे १५०० आणि लाडकी बहीणचे १५०० असे दोन्ही एकाच बाईला नाही मिळत.

आता त्या उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल, कारण सगळं घोडं तिथंच अडते. हा दाखला तहसीलदार देते, तुम्ही आपले सरकार सेवा केंद्रातून नाहीतर स्वतः पोर्टलवरून अर्ज करू शकता. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण हे दोन वेगळे तालुके आहेत, आणि हिंगणा तर आणखी वेगळा. शहराच्या कडेला नवीन ले-आऊटमधे राहणाऱ्या लोकांना वाटते आपण नागपुरातच आहोत, पण कागदावर ते दुसऱ्या तहसीलीत असतात, आणि मग अर्ज चुकीच्या ठिकाणी पडून राहते. घरटॅक्सची पावती किंवा भाड्याचा करारनामा काढून आधी बघा. पगारवाल्यांनी पगाराची स्लिप लावा, आणि आकडा खरा लावा. काही जण सल्ला देतात की चाळीस हजार वर्षाचे लिहून टाक, कोण बघते. पीएफ कापून घेणाऱ्या कंपनीत काम करता आणि दाखला चाळीस हजारांचा, हे आजकाल आधारवरून पकडायला काही वेळ लागत नाही, आणि पकडलं की वसुली निघते. दाखल्यावर वैधतेची तारीख असते, बहुतेक ३१ मार्च, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत काढलेला दाखला दोन महिन्यांत म्हातारा होते. एप्रिल संपत आला की काढा, वर्षभर चालेल.

आणि सगळ्यात कठीण कागद म्हणजे आपण एकट्या आहोत याचा पुरावा. नवरा वारला तर मृत्यूचा दाखला आहे, घटस्फोट झाला तर निकाल आहे, पण जो नुसता निघून गेला, तीन वर्षं फोन नाही, कुठं आहे माहीत नाही, त्याचा दाखला कोणत्या ऑफिसातून आणायचा? इकडे अशा बाया खूप आहेत. यांनी एक करावं, कुठंतरी लेखी नोंद तयार करावी. पोलीस ठाण्यात तक्रार, पोटगीचा अर्ज, महिला समुपदेशन केंद्रातली नोंद, काहीही चालेल पण कागद पाहिजे, आणि तो जितका जुना तितका बरा. रेशनकार्डावर अजून सासरच्या कार्डात नाव असेल तर ते कमी करून स्वतःचं आणि लेकराचं वेगळं कार्ड काढायला टाका, कारण सासरच्या कार्डावर पाच कमावते आणि तुम्ही म्हणता मी एकटी, हे समितीपुढं विचित्र दिसते. थोडी बरी गोष्ट अशी की सरकारी कागदच हळूहळू सुधारून राहिले आहेत. २०१८ च्या डिसेंबरपासून आई एकटी पालक असेल तर पॅनकार्डच्या अर्जात बापाचं नाव लागत नाही, आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आधी येते. पण शाळेतला क्लार्क अजून "वडिलांचं आधार?" विचारतोच, त्याला काय करता.

पैशांचं झालं, आता लेकरू ठेवायची जागा. अंगणवाडीला पाळणाघर समजू नका. तीन ते सहा वर्षांची लेकरं तिथं काही तास बसतात, खिचडी खातात, गाणी म्हणतात आणि जेवणानंतर घरी, त्याहून छोट्यांना तर फक्त घरी न्यायचा पोषण आहार मिळते. नोकरीवालीला पाहिजे ते केंद्राच्या मिशन शक्तीमधलं पाळणा, म्हणजे अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर. आधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, त्यात गरीब घरांकडून महिन्याला २० रुपये, १२ हजारांपर्यंत कमाई असलेल्यांकडून १०० आणि त्यावरच्यांकडून २०० असे घ्यायचे, तिच्या जागी २०२२ पासून पाळणा आली. सहा महिने ते सहा वर्षांची लेकरं, एका केंद्रात जास्तीत जास्त २५, महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास. खाणं, झोपायची सोय, वजन-उंची बघणं, लसीकरणाकडं लक्ष, हे सगळं त्यात धरलेलं आहे. आई नोकरी करते की नाही, कुठं करते, असा भेदही नाही.

कागदावर ही सगळ्यात चांगली योजना आहे. पण २०२५ मधे महाराष्ट्रात मंजूर झाली ती ३४५ पाळणाघरं, अख्ख्या राज्यात, आणि अंगणवाड्या आहेत एक लाखावर. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीला पाळणाघर जोडलेलं असेल ही शक्यता फार कमी, पण विचारायला काही लागत नाही. अंगणवाडी सेविकेलाच विचारा, तिला तिच्या बीटमधलं, म्हणजे तिच्या भागातल्या अंगणवाड्यांचं, सगळं माहीत असते, तिच्याकडं नाही झालं तर तिच्या पर्यवेक्षिकेचं नाव घ्या. आणि दोन-चार जणींनी मिळून लेखी मागणी दिली तर बरं, कारण पुढच्या वेळी यादी बनते तेव्हा मागणी कुठून आली हेच बघतात, तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही.

त्यातही साडेसात तासांचा हिशोब करून बघा. नऊ ते सहाची ड्युटी म्हणजे नऊ तास, त्यात बुटीबोरीला कंपनीची बस पकडायची असेल तर घरून आठलाच निघावं लागते, मिहानमधल्या कंपनीत जाणारी खापरीपर्यंत मेट्रोनं गेली तरी स्टेशनपासून कंपनीच्या गेटपर्यंतचं उरतेच, आणि संध्याकाळी परत तेच. घरापासून घरापर्यंत अकरा तास. पाळणाघर साडेसात तासांचं. मधले साडेतीन तास कोण बघणार? इथंच सगळ्या एकट्या आया अडकतात, आणि इथं सरकारचा पैसा नाही, सरकारचा कायदा कामात येते.

कायदा असा, ज्या ठिकाणी ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथं मालकानं पाळणाघराची सोय करायलाच पाहिजे. २०१७ मधे मातृत्व लाभ कायद्यात ही अट टाकली, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यावर ती सामाजिक सुरक्षा संहितेत आली, पण आकडा तोच, पन्नास. आणि हे पन्नास म्हणजे पन्नास बायका नाही, पन्नास कर्मचारी, बाया-माणसं सगळे मिळून. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं, कारण एचआरवाले हमखास म्हणतात की आमच्याकडं बायका फक्त बाराच आहेत मॅडम, आम्हाला लागू नाही. लागू आहे. दिवसातून चार वेळा लेकराला बघायला जाऊ द्यायचं, तुमच्या सुट्टीच्या वेळा धरून, हेही त्यातच आहे. कंपनीनं स्वतःच्या आवारात खोली बांधलीच पाहिजे असंही नाही, सरकारच्या, महानगरपालिकेच्या, खाजगी किंवा संस्थेच्या पाळणाघरासोबत करार करता येते, चार कंपन्या मिळून एक चालवू शकतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ५० चीच अट आहे आणि एक किलोमीटरच्या आत काही आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर काढायची मुभा आहे, म्हणजे मोठे शोरूम, मॉल, हॉस्पिटल, कॉल सेंटर कोणीच सुटत नाही.

मला विचाराल तर नोकरी करणाऱ्या एकट्या पालकासाठी ही सगळ्यात मोठी मदत आहे, २२५० पेक्षाही मोठी, आणि हिच्याबद्दल कोणी तोंड उघडत नाही. कारण समजते, नोकरी जायची भीती असते, एकटीचाच पगार आहे घरात. म्हणून एकटीनं जाऊ नका. दोन-तीन जणी मिळून, भांडणाच्या सुरात नाही, साध्या ईमेलमधे लिहा की आपल्या ऑफिसात ५० पेक्षा जास्त स्टाफ आहे, पाळणाघराची सोय कुठं आहे आणि ती घ्यायची प्रोसेस काय, एवढी माहिती द्यावी. माहिती मागितली, मागणी नाही केली, आणि तरी रेकॉर्ड झालं. बऱ्याच कंपन्या वेगळं पाळणाघर काढायच्या भानगडीत न पडता जवळच्या खाजगी पाळणाघराशी टाय-अप करतात, किंवा फी भरून देतात. घरापासून दूर कंपनीच्या आवारातलं पाळणाघर नको असेल तर हे तुम्हीच सुचवा, की घराजवळ जिथं ठेवते तिथलीच फी द्या. लेखी उत्तर काहीच येत नसेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार करता येते, पण ते शेवटी.

सरकारी नोकरीवाल्यांचं थोडं वेगळं, त्यांना पैशापेक्षा वेळ मिळते. केंद्राच्या नोकरीत बायकांना पूर्ण नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगार आणि पुढचे ३६५ दिवस ८० टक्के, लेकरू १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन लेकरांसाठी. साधारण ती वर्षातून तीन वेळा तोडून घेता येते, एकट्या बाईला सहा वेळा, हे पुष्कळ ऑफिसातल्या बाबूंनाच माहीत नसते. राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत जुलै २०१८ च्या जीआरनं १८० दिवस दिले, वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. या रजेला हक्क म्हणून भांडू नका, साहेब कामाची अडचण दाखवून तारखा पुढं ढकलू शकतो, म्हणून परीक्षेच्या, ऑपरेशनच्या तारखा आधीच देऊन ठेवा.

बापांबद्दल. एकटा बाप असेल तर बालसंगोपनच्या २२५० साठी तो तितकाच पात्र आहे, ते लेकराचं आहे म्हटलं ना. केंद्राच्या नोकरीत एकट्या बापाला ७३० दिवसांची रजाही आहे, राज्यात ज्याची बायको वारली आहे किंवा अंथरुणाला खिळली आहे त्याला १८० दिवसांची. पाळणा केंद्रातही त्याचं लेकरू बसते. पण संजय गांधीमधली परित्यक्ता आणि लाडकी बहीण तर नावातच बाईसाठी, आणि कंपनीच्या पाळणाघराला दिवसातून चार वेळा जायची सवलत कायद्यात बाईलाच लिहिलेली आहे. हे बरोबर नाही असं माझं मत आहे, बायको वारल्यावर दोन वर्षांचं पोरगं घेऊन हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा माणूस मी पाहिलेला आहे, त्याला दुपारी पोराला दूध पाजायला जाऊ देणं म्हणजे फॅक्टरीवर उपकार मागितल्यासारखं होते. तरी त्यानं एचआरला लिहून विचारावं, कंपनीला स्वतःहून द्यायला कायदा कुठं नाही म्हणत नाही.

आता कोर्ट. हे सरकारी मदत नाही म्हणाल, पण दुसरा पालक जिवंत आहे आणि कमावतो तर पाळणाघराचा खर्च आधी त्याच्याकडून मागायचा, सरकारकडून नंतर. पूर्वी या पोटगीच्या अर्जाला सगळे कलम १२५ म्हणायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४४ झालं. केस चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते आणि तो अर्ज शक्यतो नोटीस पोचल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदाच म्हणते. नागपूरच्याच फॅमिली कोर्टातून सुरू झालेल्या एका केसमधे सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला ठरवून दिलं की दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर द्यायचा, आणि पोटगी अर्ज केला त्या तारखेपासून धरायची. बायका या खर्चाच्या रकान्यात किराणा लिहितात, भाडं लिहितात, शाळेची फी लिहितात आणि पाळणाघर विसरतात, कारण पाळणाघरवाली ओळखीची असते, रोख घेते, पावती देत नाही. उद्यापासून तिला यूपीआयनं द्या, नाहीतर साध्या वहीत तारीख-रक्कम लिहून सही घ्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बाईला कमाई कितीही असली तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळते, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, आणि लेकरालाही.

बाकी किरकोळ. लेकरू शाळेच्या वयाचं झालं की आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या, २५ टक्के जागांसाठी भरा, खाजगी विनाअनुदानित शाळेत आठवीपर्यंत फी नाही, आर्थिक दुर्बल गटात वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत पाहिजे, अनुसूचित जाती-जमातीला उत्पन्नाची अट नाही. एकल पालक असाल तर त्या एकाच पालकाची कागदं चालतात, दुसऱ्याच्या आधारसाठी अडवून धरलं तर शिक्षणाधिकाऱ्याकडं जा. अर्ज ऑनलाईन असते, मुदत छोटी असते. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मिळणारे मातृवंदना योजनेचे ५००० नवऱ्याचं आधार नाही म्हणून आता अडत नाहीत, दुसरी मुलगी झाली तर ६००० आहेत. आणि टॅक्स भरत असाल, तेही जुन्या करपद्धतीनं, तर प्लेस्कूल-नर्सरीची ट्यूशन फी दीड लाखाच्या मर्यादेत दाखवता येते, पण नुसत्या डे-केअरची नाही, म्हणून सकाळी प्लेस्कूल आणि दुपारी डे-केअर एकाच ठिकाणी असेल तर पावतीवर दोन्ही रकमा वेगळ्या लिहून मागा, आणि ती पावती फाईलमधे पोटगीच्या कागदांसोबतच लावून ठेवा.